कोत दिव्वारची गोण

एप्रिलमध्ये काकाबरोबर गोव्यातल्या वाळपईला काजू घालायला, म्हणजे विकायला, गेले होते. सकाळचे नऊसुद्धा वाजले नव्हते पण ऊन असं की टेंपोचा पत्रा धरवत नव्हता. दुकानासमोर आमच्याआधी चार-पाच जण उभे, कुणाच्या गोणी, कुणाच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, एक आजी तर जुन्या उशीच्या अभ्र्यात बिया भरून घेऊन आलेली. दाराशेजारी फळा आणि त्याच्यावर खडूने रेट. कालचा रेट नीट पुसलेला नव्हता, आजच्या आकड्याच्या मागून तो दिसत होता, त्यामुळे येणारा प्रत्येकजण आधी आजचा वाचायचा आणि मग डोळे बारीक करून कालचा. किलोमागे चार रुपये उतरलेले. काट्यावरचा मुलगा, असेल बावीस-तेवीसचा, कुणी विचारायच्या आधीच सांगत होता, "आफ्रिकेचो माल आयला काका, रेट देंवला." काका काही बोलला नाही. गोण काट्यावर ठेवली, वजन बघितलं, बिया ओतल्या आणि रिकामी गोण झटकून, घडी करून काखेत मारली. ती घडी करताना मला गोणीवरची अक्षरं दिसली. हिरवी, पुसट, रोमन लिपीतली, पण इंग्रजी नव्हेत. प्रोद्वी द कोत दिव्वार. म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टचा माल.

"ही गोण कुठली रे काका?"

"फॅक्टरीतून जुन्या विकतात. तागाची आहे, घट्ट. चार सीझन तरी जाते."

त्याला त्यात विशेष काही वाटलं नाही आणि वाटायचं कारणही नव्हतं, गोण चांगली होती आणि स्वस्त होती. मला मात्र ती काही केल्या डोक्यातून जाईना. सत्तरी तालुक्यातल्या डोंगरावरचा आमचा काजू आयव्हरी कोस्टच्या गोणीत भरून आम्ही बाजारात नेला, आणि त्या गोणीतून आधी जो काजू आला होता त्याच्याच जातभाईंमुळे आमच्या काजूचा भाव उतरला होता. शिवाय ताग काही तिकडे पिकत नाही, तो पिकतो बंगालात आणि बांगलादेशात, म्हणजे ती गोण बहुतेक आपल्याच बाजूने जहाजात बसून आफ्रिकेला गेली असणार, तिकडे भरली, परत आली, रिकामी झाली आणि शेवटी काकाच्या काखेत. परत जाताना टेंपोत ती माझ्या मांडीवर होती, आणि आतून तोच वास येत होता, वाळलेल्या बीचा, थोडा तेलकट, थोडा तुरट. आमच्या घराच्या माळ्यावर मे महिन्यात असायचा तो.

तो वास म्हणजे माझ्यासाठी परीक्षेचा वास. मार्च-एप्रिल, वार्षिक परीक्षा आणि काजू हे सगळं एकदम यायचं. पहाटे उजाडायच्या आत आजी आणि काकी डोंगरावर जायच्या, आम्ही मुलं मागून डोळे चोळत. पडलेलाच बोंडू, म्हणजे काजूचं फळ, घ्यायचा, झाडावरचा तोडायचा नाही, हा नियम. टोकाला खिळा लावलेली काठी असायची, वाकायला नको म्हणून, तिने बोंडू टोचायचा आणि डब्यात टाकायचा. सुक्या पानांवर पाय पडला की कर्र कर्र आवाज, त्यात आजीची हाक, साप बघ गो, आणि खाली झऱ्याकडे कुठेतरी मोर. डबे भरले की सावलीत बसून बी पिळून वेगळी करायची. अंगठा आणि पहिलं बोट, एक पीळ, की बी हातात. दुपारपर्यंत बोटं काळी पडायची आणि आठवडाभरात कातडी सोलून निघायची, कारण बीच्या सालीतलं तेल भाजतं. परीक्षेत पेन धरलेली ती सोललेली बोटं मला अजून आठवतात. वर्गात निम्म्या पोरांची बोटं तशीच असायची त्यामुळे लाज वाटायचा प्रश्नच नव्हता.

बी दोन-तीन दिवस उन्हात वाळायची आणि मग दुकानदाराकडे जायची. तेव्हा बहुतेक घरांचा व्यवहार वहीवर चालायचा. पावसाळ्यात तांदूळ, गोडंतेल, चवथीला कपडे, सगळं उधार, आणि मे महिन्यात काजू घातले की वही बंद. उरलेल्या पैशातून जूनची वह्यापुस्तकं, छत्री, कौलं फुटली असतील तर कौलं. आमच्या आत्याचं लग्न मे महिन्यात झालं आणि वाड्यावरची बहुतेक लग्नं मे महिन्यातच व्हायची. मुहूर्त असायचे हे खरं, पण हातात पैसाही तेव्हाच असायचा. दुकानदार लुबाडायचा का? हो, थोडंफार लुबाडायचाच, वजनात, भावात, व्याजात. ते दिवस सोन्याचे होते असं मी म्हणणार नाही, आजीनेसुद्धा कधी म्हटलं नाही. पण एक गोष्ट तेव्हा सगळ्यांना कळत होती. ज्या वर्षी जानेवारीत धुकं पडून मोहर करपायचा त्या वर्षी काजू कमी आणि भाव चढा. ज्या वर्षी झाडं लगडायची त्या वर्षी भाव उतरायचा. कमी पिकलं तरी वर्ष कसंबसं निभायचं, कारण जे हातात होतं त्याला किंमत होती.

हे आता मोडलंय.

गेली काही वर्षं बघतेय, डिसेंबरात अवेळी पाऊस, जानेवारीत ढगाळ हवा, मग ढेकण्या ही कीड येते आणि कोवळी पालवी, मोहर सगळं काळं पडतं. काकाच्या डोंगरावर पूर्वीच्या निम्मीसुद्धा बी मिळत नाही अशी वर्षं गेली. आणि त्याच वर्षी भावही खाली. कारण आमच्याकडे पीक बुडालं हे बाजाराला कळतच नाही, कळायचं कारणच नाही. गोव्यात काजूखाली ५५ हजार हेक्टरच्या आसपास जमीन आहे, क्षेत्राने इथलं सगळ्यात मोठं पीक हेच, नारळ आणि भातापेक्षाही, पण उत्पन्न धरलं तर पंचवीस-तीस हजार टनांच्या घरात. एकटं आयव्हरी कोस्ट दहा लाख टनांच्या वर पिकवतं. तिकडे पाऊस बरा झाला, तिकडची जहाजं वेळेवर सुटली, व्हिएतनामच्या कारखानदारांनी यंदा हात आखडता घेतला, की वाळपईच्या फळ्यावर खडू फिरतो. काट्यावरच्या त्या मुलाने आफ्रिका बघितलेली नाही, आम्हीही नाही, पण त्याच्या तोंडी ते नाव पाऊस-पाण्याइतकं रुळलंय.

त्या रात्री फोनवर शोधत बसले. वाचता वाचता जे कळत गेलं त्याने राग कुणावर काढायचा तेच समजेना. काजू सोलायचा धंदा आपणच मोठा केला, केरळातल्या कोल्लमला, हजारो बायकांच्या हातांवर, आणि त्या फॅक्टऱ्यांना वर्षभर पुरेल एवढी बी देशात कधीच नव्हती म्हणून ती पूर्वीपासून पूर्व आफ्रिकेतून यायची. आता देशात पिकते त्याहून जास्त बी बाहेरून येते अशीही वर्षं झालीयत. तिच्यावरची कस्टम ड्युटी ५ टक्के होती, २०१८ च्या बजेटमध्ये ती २.५ केली. कारखानदारांचं म्हणणं होतं की व्हिएतनामने मशिनं आणून आम्हाला मागे टाकलं, कच्चा माल स्वस्त मिळाला नाही तर आम्ही संपलो. ते खोटंही नाही, कोल्लमच्या कितीतरी फॅक्टऱ्या बंद पडल्या. व्यापारात ८० किलोच्या पोत्यामागे किती पौंड गर निघतो ते बघून भाव ठरतो. आमची बी त्यात चांगली उतरते असं सगळे म्हणतात, पण चांगली म्हणून वर किती मिळणार, चार रुपये, पाच रुपये. मूळ आकडा तिकडूनच येतो.

आणि तिकडे काय मिळतं, तर आयव्हरी कोस्टमध्ये सरकार दरवर्षी सीझनच्या सुरुवातीला शेतकऱ्यासाठी किमान भाव जाहीर करतं. २०२३ मध्ये तो किलोला ३१५ फ्रँक, म्हणजे तिकडचे सीएफए फ्रँक, होता, २०२४ मध्ये उतरवून २७५ केला. मी हिशोब करून बघितला, दोनदा करून बघितला. २७५ फ्रँक म्हणजे तेव्हाच्या दराने चाळीस रुपयेसुद्धा होत नव्हते. आम्ही एकशे दहा-वीसवर रडत होतो आणि ज्याच्यामुळे आमचा भाव पडला असं आम्ही म्हणतो त्याला त्या वर्षी चाळीससुद्धा नव्हते. त्यांचा सीझनही आमच्याबरोबरच, फेब्रुवारीत सुरू. म्हणजे आम्ही वाळपईला फळा वाचत होतो तेव्हा त्या देशाच्या उत्तरेकडे कोरोगोच्या आसपास कुठल्यातरी काट्यासमोर कोणीतरी बाई अशीच उभी असणार, तिचीही बोटं सोललेली असणार. तिला कुणी सांगत असेल, इंडियात मागणी नाही, रेट उतरला.

मोझांबिकची गोष्ट तर मला जास्तच लागली, कारण त्या देशाशी आमचं जुनं नातं. गोव्यातल्या कितीतरी घरांतला कोणीतरी पूर्वी आफ्रिकेला गेलेला असायचा, पोर्तुगीज अंमल दोन्हीकडे असल्यामुळे वाट सोपी होती. काजूचं झाडही त्यांनीच ब्राझीलहून आणलं, सोळाव्या शतकात, इकडेही लावलं आणि तिकडेही. एका काळी मोझांबिक काजूत जगात पहिला होता आणि स्वतःच्या फॅक्टऱ्यांत सोलायचा. यादवी युद्धात सगळं कोलमडलं, आणि नंतर उभं राहायच्या वेळी, १९९५ च्या सुमाराला, कर्ज देताना जागतिक बँकेने अट घातली की कच्च्या बीवरची निर्यात ड्युटी कमी करा, म्हणजे शेतकऱ्याला भाव चांगला मिळेल. ड्युटी उतरली, बी जहाजात चढली, आणि काही वर्षांत तिथल्या मोठ्या फॅक्टऱ्या जवळजवळ सगळ्या बंद. हजारो माणसं घरी बसली, त्यात बायका पुष्कळ. शेतकऱ्याच्या हातात जे जादा पडलं ते फारच थोडं, असं नंतर अभ्यास करणाऱ्यांनी लिहिलं. ती बी गेली कुठे? मुख्यतः भारतात. आमच्याच बायकांनी ती सोलली आणि त्यावर आमच्या चुली पेटल्या.

हे वाचून मी फोन ठेवला खरा, पण माझ्या डोळ्यासमोर आमची वहिनी आली.

वहिनी म्हणजे काकाची सून. ती होंड्याच्या बाजूला एका काजू फॅक्टरीत जाते, लग्नाआधीपासून. सकाळी साडेसातला डबा घेऊन बाहेर. आधी कटिंगला होती, आता ग्रेडिंगला. वाफवलेली बी मशीनच्या पात्यात धरायची, एका हाताने दांडा, पायाने पॅडल, अख्खा गर बाहेर यायला हवा, तुकडा पडला तर मजुरी कमी. हाताला खोबरेल लावूनसुद्धा डाग पडतात, ते डाग मला ओळखीचे. ग्रेडिंगला बसल्यापासून बोटं स्वच्छ आहेत पण डोळे दुखतात. २४०, ३२० (एका पौंडात किती गर बसतात तो आकडा), अख्खा, पाकळी, तुकडा, करपलेला, नजरेने वेगळं करायचं. तिने मला एकदा सांगितलं होतं की गोव्याच्या बीचं काम जूनच्या मागेपुढे संपतं, त्यानंतर सगळा आफ्रिकेचा माल. बेनिनचा, टांझानियाचा, आयव्हरी कोस्टचा. तो आला नाही तर फॅक्टरी चार महिने चालेल आणि आठ महिने बंद, मग मी काय करू, असं तिनेच मला विचारलं होतं. तिच्या पगारावर मुलाची शाळेची व्हॅन, घरातला गॅस आणि काकाची बीपीची गोळी. सासरा डोंगरावरची बी विकतो आणि आफ्रिकेच्या बीमुळे त्याचा रेट पडतो. सून तीच आफ्रिकेची बी निवडते आणि त्यावर घर चालतं. दोघं संध्याकाळी एकाच पंगतीला जेवायला बसतात. काका कधी तिला टोमणा मारत नाही, ती कधी विषय काढत नाही. मला वाटतं त्या घरात हे सगळ्यांना कळलेलं आहे आणि बोलून काही होणार नाही हेही कळलेलं आहे. शहरात बसून बाहेरचा माल बंद करा म्हणणाऱ्यांना, आणि तितक्याच ठामपणे बाजाराला त्याचं काम करू द्या म्हणणाऱ्यांनाही, मी त्या पंगतीला नेऊन बसवलं असतं.

दुकानांतली गोष्ट वेगळी, तिथे मला सरळ राग येतो. म्हापशापासून कळंगुटपर्यंत टुरिस्टांसाठी काजूची दुकानं, बाहेर ढीग, पॅकेटवर नारळाचं झाड, समुद्र आणि खाली गोव्याचे काजू. आत काय आहे ते पॅकेटवर लिहिलेलं नसतं. बाहेरची बी इथे सोलून विकायला माझी काही हरकत नाही, वहिनीच्या घामाचा माल आहे तो, पण मग तसं लिहा. आफ्रिकेची बी, गोव्यात सोललेली, एवढं छापायला किती शाई लागते? अलीकडे गोव्याच्या काजूला जीआय, म्हणजे भौगोलिक, मानांकन मिळालंय, त्याचा खरा उपयोग झाला तर इथेच होईल. गावठी गर आकाराने थोडा लहान असतो, गोडसर, चावताना तुपकट लागतो, ज्याने खाल्लाय त्याला डोळे मिटून ओळखता येतो. त्याचे दोन पैसे जास्त द्यायला लोक तयार असतात. फक्त ते दोन पैसे डोंगरापर्यंत चढून यायला हवेत.

सरकारने हात दिला नाही असं नाही. २०२० च्या करोनात ऐन सीझनला लॉकडाऊन लागला, दुकानं बंद, बी घरात पडून, तेव्हापासून आधारभूत किंमतीचं महत्त्व सगळ्यांना पटलं. २०२३ मध्ये ती किलोला १२५ वरून १५० केली, म्हणजे बाजारात कमी मिळालं तर मधला फरक खात्यावर. काकाला ते पैसे उशिरा का होईना मिळतात. पण शेजारच्या वाड्यावरच्यांना विचारा. सत्तरीत जमिनीचं जे त्रांगडं आहे, मोकासो, आल्वारा, असे जुन्या काळचे जमिनीचे प्रकार, त्यात चार पिढ्या ज्या डोंगरावर काजू लावले त्या डोंगराच्या एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या, उताऱ्यावर नाव भलत्याचंच. झाड पणजोबाने लावलेलं, बी नातवाने वेचलेली, कागद मात्र नाही. मदत कागदामागून येते त्यामुळे त्यांची धावपळ संपत नाही. सत्तरीतल्याच शेळ-मेळावलीच्या लोकांनी आयआयटीच्या जमिनीवरून जे आंदोलन केलं त्याच्या मुळाशीही हेच होतं. बायका रस्त्यावर आडव्या झाल्या, पोलिसांच्या लाठ्या आणि अश्रुधूर सोसला, आणि जानेवारी २०२१ मध्ये सरकारला तो प्रकल्प तिथून हलवावा लागला. त्या बायका सांगत होत्या की हा डोंगर ओसाड नाही, हे आमचे काजू आहेत. कागदावर ते काजू कुठेच नव्हते.

आणि डोंगर विकून काय होतं तेही आम्ही शेजारीच बघितलंय. पिसुर्ल्याच्या, डिचोलीच्या बाजूला चीनला खाणींतलं लोहखनिज हवं होतं तोवर रात्रंदिवस ट्रक, बीजिंगच्या ऑलिंपिकच्या आधी तर पूर्वी टाकून दिलेल्या हलक्या मालालाही भाव आलेला. पोरांनी कर्ज काढून ट्रक घेतले, बागायतीकडे कोण बघतो. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मग थोड्या सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. हप्ते मात्र थांबले नाहीत. माझ्या वर्गातला एकजण होता, दोन ट्रकांचा मालक. आता त्याने मामाच्या डोंगरावरचे काजू वाट्याने घेतलेत. तो म्हणाला, बी निदान दरवर्षी येते. मी मान हलवली, रेटचा विषय काढला नाही.

इतकं सगळं डोक्यात घेऊन मी पुढच्या रविवारी परत गावी गेले. काकीला भाटीवर, म्हणजे दारूच्या भट्टीवर, बोंडू पोचवायचे होते, तिच्याबरोबर मीही गेले.

भाटीच्या कित्येक पावलं आधीच वास येतो, आंबूस, गोड, डोकं जड करणारा. कातळात कोरलेली जुनी कोळंबी, म्हणजे बोंडू तुडवायची कुंडी, अजून तिथे आहे, दोघेजण गमबूट घालून बोंडू तुडवत होते. तुडवून झाल्यावर चोथ्याचा ढीग रचून वेलीने बांधायचा, वर दगड ठेवायचा, मग थेंब थेंब नीरो, म्हणजे ताजा रस, उतरतो. तो मी फुलपात्रभर प्यायले, कोमट, गोड, जिभेला किंचित खरखरीत. रस दोन-तीन दिवस आंबला की भाणात, म्हणजे भट्टीच्या भांड्यात, चढतो, एकदा उतरला की हुर्राक, परत उतरवला की फेणी. पणजीतली पोरं आता गाड्या काढून हुर्राकसाठी इकडे येतात, लिमका, चिरलेली मिरची, मीठ, आणि फोनवर फोटो. भाटीकार कॅन भरून देत होता. भाव विचारला तर त्याने सांगितला, कमी करा म्हटल्यावर मान हलवून नाही म्हणाला आणि त्या पोरांनी मुकाट पैसे दिले. मी ते बघतच राहिले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत आमच्या तालुक्यात काजूच्या झाडाच्या कुठल्याही वस्तूचा भाव कुणी स्वतः सांगताना मी पहिल्यांदाच बघत होते.

मग माझ्या लक्षात आलं की यात गंमत फक्त नासण्याची आहे. बी वाळवली की वर्ष वर्ष टिकते, गोणीत भरता येते, जहाजात चढते, म्हणून जगातली सगळी बी एका बाजारात येऊन उभी राहते आणि कुणा एकाच्या हातात काही उरत नाही. बोंडू आज पडला तर आज तुडवायला हवा, उद्या तो कामाचा नाही. तो आयव्हरी कोस्टहून येऊच शकत नाही. तिकडे तर बहुतेक बोंडू झाडाखालीच कुजून जातात. आमच्याकडे पूर्वी बी ही लक्ष्मी आणि बोंडू म्हणजे वरकड, मुलांनी खावा, गुरांनी खावा, उरला तर भाटीला. आता कधी कधी वाटतं, ज्याला आपण वरकड समजत होतो त्याच्यावरच अजून आपली थोडी सत्ता आहे. काकाच्या हिशोबातसुद्धा बोंडवांचे पैसे आता बरेच दिसतात. म्हणजे वहिनीने वहीत लिहिलं तेव्हा दिसले, तो स्वतः धरतच नव्हता.

पण इथेही मन लगेच निर्धास्त होत नाही. फेणीला २००९ मध्ये जीआय मिळालं, २०१६ मध्ये तिला वारसा पेय म्हणून मान दिला, आता ती सुंदर बाटल्यांत जाते, पणजीच्या बारमध्ये कॉकटेलच्या यादीत असते, परदेशीही निघालीय. मला त्याचा आनंद होतो, ज्या वस्तूचा वास येतो म्हणून लोक नाक मुरडत होते तिला मान मिळाला. पण फेणी टिकते. बाटलीत ती वर्षानुवर्षं राहते, किंबहुना मुरते. एकदा ती जहाजात चढली की तिचा भाव भाटीवर ठरेल का, की तोही कुठल्यातरी फळ्यावर येईल, याची मला धाकधूक आहे. गाळपाच्या झोनच्या पावणीला, म्हणजे लिलावाला, बोली वाढत चाललीय, छोट्या भाटीकाराला ती झेपत नाही, लाकूड महाग, तुडवायला माणूस नाही. आमच्या भाटीकाराचा मुलगा वेर्ण्याला औषधांच्या कंपनीत शिफ्ट करतो. दिवस पाळी असली तर संध्याकाळी येऊन बापाला मदत करतो, रात्रपाळी असली तर झोपतो. त्याला दोष कुठल्या तोंडाने देऊ, मी स्वतः पणजीला नोकरी करते आणि डोंगरावर रविवारी येते.

परत येताना काकी चढावर थांबली, कंबरेवर हात ठेवून. तिथून आमचा अख्खा डोंगर दिसतो. वरची झाडं म्हातारी झालीयत, फांद्या जमिनीला टेकलेल्या. काकाच्या मनात ती काढून वेंगुर्ल्याची कलमं लावायचीयत, वेंगुर्ला-४ नाहीतर ७, मोठी बी, तीन-चार वर्षांत धरतात. शेतकी ऑफिसात चौकशीही करून आला होता. काकीचं मत वेगळं. ती म्हणाली, मोठ्या बीचं काय करायचंय, मोठी असो की बारकी, रेट तो दुकानदारच सांगणार. ती झऱ्याकडची पिवळ्या बोंडवांची चार झाडं, त्यांचा रस बघ किती येतो, भाटीकार स्वतः येऊन विचारतो. ती काढायची नाहीत.

घरी आल्यावर जेवताना परत तोच विषय. काकाचं म्हणणं, रेट पडला तरी किलो वाढले पाहिजेत, नाहीतर काय. काकी म्हणाली किलो वाढले तर वेचायला कोण, तू आणि मी? वहिनी ग्रेडिंग करते म्हणून तिला विचारलं, तर ती म्हणाली मोठ्या बीचा गर मोठा निघतो, १८० मध्ये बसतो, त्याला पैसे जास्त, पण ते फॅक्टरीला, तुम्हाला कोण देतो. मग तिनेच विचारलं की आपण घरीच थोडी भाजून, सोलून विकली तर? गावठी म्हणून. तिला तर सगळं काम येतं. काका म्हणाला भाजायचा धूर कोण सहन करणार, आजीच्या वेळेची गोष्ट वेगळी होती. काकी म्हणाली मागच्या परड्यात करू. मुलगा, म्हणजे वहिनीचा नवरा, फोनमधून डोकं वर काढून म्हणाला, पॅकेटवर नाव काय घालणार? त्यावर सगळे एकदम बोलायला लागले. कलमं आणायची एवढं ठरलंय, जूनमध्ये. किती आणायची आणि कुठली म्हातारी झाडं काढायची यावर अजून एकमत नाही, आणि पिवळ्या बोंडवांच्या झाडांना हात लावायचा नाही यावर काकी ठाम आहे.